नौबत, टिमकी आणि मणिकर्णिका

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या दिवसाचा मोठा भाग इंग्रजी टिपणे लिहिण्यात आणि हिंदी संभाषण ऐकण्यात जातो. घरी आल्यावर तो मराठी बोलतो, परंतु त्या मराठीत दोन्ही भाषांचे पाणी नकळत मिसळलेले असते. चौकशीचा प्रसंग आला म्हणजे तो म्हणतो, 'आता फेस द म्यूझिक!' वरिष्ठांच्या मागे उभे राहून कंटाळला म्हणजे 'आणखी किती दिवस सेकंड फिडल वाजवायचे?' असे पत्नीला विचारतो. पैसा पुरविणाऱ्या खात्याने नवी अट घातली की, पावेवाल्याला जो पैसे मोजतो तोच सूर सांगतो, ही इंग्रजी म्हण त्याला आठवते. हे सारे बोलताना त्याच्या कानांत कोणतेच वाद्य वाजत नसते. त्याने फिडल हाती धरलेले नसते आणि पावेवाला पाहिलेला नसतो.

वाक्प्रचारांचे हे असेच चालायचे. तरीही वाक्प्रचारात अडकून राहिलेले वाद्य मुळात कोणी वाजविले, कोणासाठी वाजविले आणि वाजविणाऱ्याला काय मिळाले, हे एकदा विचारून पाहावे. हा प्रश्न विचारण्यास काशीइतके सोयीचे गाव दुसरे नसेल. तेथे नगारखाना, सनई, कोठीवरचे गाणे आणि स्मशान ही सारी मैलभराच्या आत नांदत आली आहेत आणि त्यांतील पुष्कळ दगड मराठी पैशाने बसविलेले आहेत. मणिकर्णिका घाट तर आपल्याला दुहेरी ओळखीचा. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव तेच होते आणि त्यांचा जन्मही काशीतलाच.

प्रथम साहेबांच्या म्हणी पाहू. 'फेस द म्यूझिक' हा शब्दप्रयोग वाटतो तितका जुना नाही. १८३० नंतरच्या दशकात तो अमेरिकेतील वृत्तपत्रांत दिसू लागला. त्याची दोन स्पष्टीकरणे सांगतात. एकानुसार, लष्करातून अपमानाने काढून टाकलेल्या शिपायाला ढोलाच्या गजरात छावणीबाहेर घालवीत आणि त्या ढोलाकडे त्याला तोंड करून चालावे लागे. दुसऱ्यानुसार, रंगभूमीवर येणाऱ्या भेदरलेल्या नटासमोर आधी वादकांचा खड्डा असतो आणि मग प्रेक्षक. दोन्हींत संगीत हे शिक्षेसारखे समोर उभे असते. 'सेकंड फिडल' वाद्यवृंदातून आले. तेथे व्हायोलिनवादकांचे दोन गट असतात आणि ठळक सुरावट बहुधा पहिल्याकडे जाते. दुसऱ्या गटाशिवाय पहिला पोरका होतो, हे कोणत्याही वादकाला ठाऊक असते. म्हणीला ते ठाऊक नाही. पावेवाल्याच्या पैशाची गोष्ट सतराव्या शतकापासूनची. जत्रेत, गुत्त्यात नाचणाऱ्यांनी वर्गणी काढून वाजविणाऱ्याला पैसे द्यावयाचे, आणि जो देईल त्याने फर्माईश करावयाची, हा तिचा व्यवहार.

नीरोचे उदाहरण तर सर्वांत मौजेचे. इसवी सन ६४ मध्ये रोम जळत असता तो फिडल वाजवीत बसला होता, असे इंग्रजीत पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. फिडल म्हणजे आजचे व्हायोलिन धरले, तर ते युरोपात सोळाव्या शतकात घडले. नीरोच्या हाती असलेच तर सिथारा नावाचे तंतुवाद्य असावे. त्यात टॅसिटस हा इतिहासकार सांगतो की, आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हताच, अँटियम येथे होता. परंतु लोकांना इतिहासापेक्षा व्हायोलिन अधिक पटले.

आता आपल्या घरी येऊ. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९४२ आणि १९४७ साली दोन भागांत काढलेला 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' कोणीही सहज उघडावा. मराठी बोलणे किती वाद्यांच्या आधाराने चालते हे पाहून नवल वाटते. इंग्रज माणूस आत्मस्तुती करताना तुतारी फुंकतो. मराठी माणूस स्वतःची टिमकी वाजवितो. तुतारीला भालदार-चोपदारांचा थाट आहे, टिमकी म्हणजे कमरेला बांधण्याचे लहानसे चर्मवाद्य. आपल्या बढाईखोराची उंची भाषेने आधीच मोजून ठेवली आहे! एकच गोष्ट वारंवार सांगणाऱ्याला इंग्रजीत हार्पची एकच तार छेडणारा म्हणतात, आपण 'तेच तुणतुणे' म्हणतो. या दोन म्हणींची भेट कधी झाली नसावी. एका तारेचा कंटाळा मात्र दोन्हीकडे सारखा आला. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, हे शहाणपण शेतकऱ्याचे. डांगोरा पिटणे आणि दवंडी देणे हे गावकीतले. 'री ओढणे' हे साथीदाराचे: पुढच्या गायकाने सोडलेला सूर मागच्याने धरून लांबवावयाचा. मैफलीत वा तमाशात हे काम किती अवघड असते! पुढचा श्वास घेतो तेवढ्यात गाणे कोसळू न देण्याची जबाबदारी मागच्यावर असते. भाषेत मात्र री ओढणारा म्हणजे होयबा झाला. कचेरीत बसलेल्या आपणांपैकी पुष्कळांनी या अर्थाची चव घेतलेली आहे.

उत्तरेत राहणाऱ्यांसाठी एक जोडी मुद्दाम सांगतो. हिंदीत म्हणतात, ना नौ मण तेल होणार, ना राधा नाचणार. आपण म्हणतो, नमनाला घडाभर तेल. दोन्हींत तेल आहे, कारण रात्रीचा खेळ दिवट्या-मशालींवर चाले आणि त्या तेलाचा खर्च यजमानाच्या माथी बसे. हिंदी म्हण राधेच्या अटीवर बोट ठेवते. मराठी म्हण नमनातच तेल संपविणाऱ्या खेळियावर. तक्रार दोन्हींत तेलाचे पैसे देणाऱ्याची आहे. ही गोष्ट एकदा ध्यानात आली म्हणजे बाकीच्या म्हणींकडेही त्याच डोळ्याने पाहावेसे वाटते. टिमकी, तुणतुणे, दवंडी, पावा, दुय्यम व्हायोलिन, या साऱ्या वाक्प्रचारांचे बोलणे ऐकणाराच्या गादीवरून, बहुधा पैसे देणाऱ्याच्या गादीवरून चाललेले आहे. वाजविणाऱ्याने रचलेला वाक्प्रचार शोधूनही सापडणे कठीण.

याला थोडासा अपवाद 'नौबत' या शब्दाचा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पाळी. ठरावीक प्रहरी पाळीने वाजतो म्हणून तो वाद्यमेळ नौबत झाला; आणि नको असलेली पाळी आपल्यावर येते म्हणून हिंदीत आणि मराठीत 'नौबत येणे' म्हणजे वाईट प्रसंग ओढवणे. 'उपासमारीची पाळी आली' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच अरबी शब्दाचे अजाणता भाषांतर करीत असतो. वैभव आणि आपत्ती यांना एकाच शब्दात बसविणारी ही योजना कोणा पंडिताची नव्हे, घड्याळाची आहे.

अबुल फज्लने 'ऐने अकबरी'त बादशाही नगारखान्याची मोजदाद दिली आहे: नगाऱ्यांच्या सुमारे २० जोड्या, ९ सनया, झांजांच्या ३ जोड्या, शिवाय कर्णे, शिंगे आणि मोठे दमामे. मध्यरात्री आणि पहाटे हा मेळ वाजे. नौबत कोणाच्या दारी वाजावी हे सार्वभौम ठरवी. म्हणून मराठेशाहीतही जरीपटका आणि नौबत हे सरदाराला मिळणारे मान होते. रायगडाच्या दरबाराच्या तोंडाशी नगारखाना आहे, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर आहे. हा मान अमक्याला मिळाला, हे बखरीत येते. पहाटेच्या थंडीत उठून कातडे शेकून नगारा सुरात आणणाऱ्याचे नाव येत नाही.

काशीत ही नौबत देवाच्या दारी आली, ती कथा ऐकण्यासारखी आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे आजचे मंदिर उभारले. त्याच्या पुढचा नगारखाना १७८५ साली बांधला गेला, तो गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या सूचनेवरून. बांधवून घेणारे होते काशीचे न्यायाधिकारी नवाब अली इब्राहीम खाँ. चारच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १७८१ मध्ये, राजा चेतसिंगाला अटक करावयास आलेल्या याच हेस्टिंग्जवर काशीतून रातोरात चुनारला पळून जाण्याची नौबत आली होती. त्या पळापळीवर लोकांनी हत्तीवर जीन आणि घोड्यावर हौदा चढविण्याची हास्यकविता रचली, ती काशीत अजून सांगतात. म्हणजे एकाच माणसाने एकाच गावात या शब्दाचे दोन्ही अर्थ पुरे केले. देऊळ मराठी राणीचे, नगारखाना कंपनीच्या गव्हर्नराचा, देखरेख नवाबाची, आणि पुढे तेथे सनई वाजविणारी घराणीही मुसलमानांची. यांतील पहिली तीन नावे इतिहासात सहज सापडतात.

चौथे नाव सापडावयास विसावे शतक उजाडावे लागले. बिहारमधील डुमरांव येथे १९१६ साली जन्मलेले बिस्मिल्ला खाँ लहानपणी काशीला मामांकडे आले. मामा अलीबक्ष विलायतू विश्वनाथाच्या मंदिरात सनई वाजवीत. भाच्याचा रियाज चाले तो पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिराच्या नगारखान्यात. मणिकर्णिकेवरून नावेने खाली निघाले म्हणजे शिंदे घाट, भोसले घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट अशी मराठी नावे ओलांडीत आपण ज्या बालाजी घाटाशी येतो, तेच हे ठिकाण. पेशव्यांच्या नावाशी ते जोडलेले आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत वाजलेली सनई या माडीवर घासूनपुसून तयार झाली होती. २००१ मध्ये खाँसाहेबांना भारतरत्न मिळाले आणि २००६ मध्ये ते काशीतच पैगंबरवासी झाले.

आपल्या मराठी कानाला सनई म्हणजे लग्न. 'सनई-चौघडे वाजणे' याचा दुसरा अर्थ आपल्याला सुचत नाही. परंतु बिस्मिल्ला खाँ मोहरमच्या आठव्या दिवशी दालमंडीपासून फातमानपर्यंत सुमारे आठ किलोमीटर अनवाणी शोकाच्या वाटेने चालत, डोळ्यांत पाणी आणून, त्याच सनईवर नौहा वाजवीत. त्या दिवशी कोणताही राग वाजवावयाचा नाही, हा त्यांचा नेम होता. ऐकणाऱ्याने वाद्याला मंगल ठरवून टाकले. वाजविणाऱ्याच्या लेखी ते मंगलही होते आणि विलापही.

हे सारे ध्यानी ठेवून आता मणिकर्णिकेवर यावे. पहिल्या बाजीरावाच्या आश्रयाने १७३० च्या दशकात येथे बांधकाम झाले, अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये घाट पुन्हा बांधविला. शेजारचा शिंदे घाट १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधावयास घेतला, तो स्वतःच्या भाराने खचला. कललेले रत्नेश्वराचे देऊळ पायथ्याशी अजून उभे आहे. येथे रात्रंदिवस चिता जळत असतात. आवाज येतो तो लाकडे फुटण्याचा, घंटांचा आणि 'राम नाम सत्य है' या घोषाचा. आणि मधूनच गल्लीतून चक्क बँड वाजत येतो. नातवंडे-पतवंडे पाहून गेलेल्या वृद्धाची तिरडी सजवून वाजवीत आणण्याची रीत पूर्वेकडे आहे. नव्याने आलेला मराठी पाहुणा येथे दचकतो, कारण 'वाजतगाजत' हा शब्द त्याने वरातीसाठी आणि गणपतीसाठी राखून ठेवलेला असतो. खरे तर आपल्याकडेही वारकऱ्याची अखेरची यात्रा टाळमृदंगाच्या साथीनेच निघते. तेव्हा मात्र 'वाजतगाजत नेले' असे म्हणावयास कोणाची जीभ वळत नाही. हा संकोच शब्दाचा आहे, रीतीचा नव्हे.

घाटावर महाश्मशाननाथाचे देऊळ आहे. चैत्र नवरात्रातील सप्तमीच्या रात्री तेथे नगरवधू येऊन नाचतात आणि गातात. एका बाजूला चिता धडधडत असतात, दुसऱ्या बाजूला घुंगरू. याची कथा काशीत अशी सांगतात. अकबराच्या दरबारचा राजा मानसिंग याने या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि त्यानिमित्त गाण्याबजावण्याचा सोहळा योजिला. मोठमोठ्या कलावंतांना निमंत्रणे गेली. स्मशानात गावयास एकही आला नाही. ही वार्ता नगरवधूंच्या कानी गेली तेव्हा त्यांनी निरोप पाठविला की, आम्ही येतो. त्या आल्या, रात्रभर नाचल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी येतात. त्या कोणाकडून बिदागी मागत नाहीत. पुढचा जन्म असा नको, एवढे देवाजवळ मागतात.

पावेवाल्याच्या म्हणीला याहून चोख उत्तर मला कोठे आढळले नाही. पैसे मोजणारा येथे स्वतः राजा होता, तिजोरी उघडी होती, आणि तरीही सूर त्याच्या सांगण्याने निघाला नाही. जो निघाला तो न बोलावलेल्यांचा. 'दुसऱ्याच्या तालावर नाचणे' हा आपला आणखी एक तुच्छतेचा वाक्प्रचार. या बायकांचा अवघा जन्म दुसऱ्याच्या तालावर गेलेला होता, हे खरे. वर्षातून एक रात्र त्या स्वतःच्या तालावर नाचतात आणि तीही अशा जागी, जेथे प्रतिष्ठित गवयाचे पाऊल अडखळले. कथा आहे, कथेप्रमाणेच ती घ्यावी. परंतु ती शतकानुशतके जपली कोणी, याचा विचार करावा. गवयांनी ती जपली असेल असे वाटत नाही.

प्रतिष्ठेचा हा प्रश्न पुढेही सुटला नाही. आपल्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या प्रयत्नांनी अखिल भारतीय संगीत परिषदा भरू लागल्या: १९१६ साली बडोद्यास, १९१८ साली दिल्लीस आणि १९१९ साली काशीस. संगीताला शास्त्र, ग्रंथ आणि विद्यालय मिळवून देण्याचे ते थोर कार्य होते, त्याबद्दल वाद नाही. मात्र जे संगीत विद्यालयात शिरले त्याची पुष्कळशी ठेव ज्या गल्ल्यांत सांभाळली गेली होती, त्या गल्ल्यांतील गायिकांना विद्यालयाच्या दारातून सन्मानाने आत येणे दीर्घकाळ अवघडच राहिले. घराघरांत ठुमरी शिकविली जाऊ लागली आणि ठुमरी गाणारीचा पत्ता विचारणे असभ्य ठरले.

घाटावर आणखी एक माणूस असतो, आणि त्याच्यावाचून तेथे काहीच चालत नाही. तो म्हणजे डोम. चितेचा अग्नी त्याच्या ताब्यात. राजा हरिश्चंद्राच्या आख्यानापासून हा मान त्याचाच. या डोमाचा आणि संगीताचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध फार जुना आहे. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात भारताविषयी लिहिताना वर्णव्यवस्थेबाहेरच्या ज्या जाती सांगितल्या, त्यांत डोम आहेत आणि त्यांचा धंदा त्याने दिला आहे तो वीणेसारखे वाद्य वाजविण्याचा आणि गाण्याचा. बाराव्या शतकात कल्हणाने 'राजतरंगिणी'त काश्मीरचा दहाव्या शतकातील राजा चक्रवर्मा याच्या दरबारी आलेल्या रंग नावाच्या डोंब गायकाची हकीकत लिहिली. रंगाच्या हंसी आणि नागलता या दोघी मुलींच्या गाण्यावर राजा इतका लुब्ध झाला की, हंसी पट्टराणी झाली आणि रंगाला एक गाव इनाम मिळाला. दफ्तरातील लेखकाने मात्र त्या सनदेची नोंद करावयास टाळाटाळ केली. राजाज्ञा झाली, तरी लेखणी उचलेना! तेव्हा रंगाने स्वतः कचेरीत जाऊन त्याला शिव्यांची लाखोली वाहिली आणि नोंद करविली. कल्हण हे सारे तिरस्काराने सांगतो. कचेरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांची सहानुभूती त्या लेखकाकडे जाईल की नाही, मी सांगू शकत नाही. माझी जात नाही.

हेच डोम पश्चिमेकडे गेले, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. रोमानी भाषेचे मूळ हिंदुस्थानात आहे हे रूडिगर या जर्मन विद्वानाने १७८२ साली दाखविले, आणि 'रोम' हे त्या लोकांचे स्वतःचे नाव 'डोम' या शब्दापासूनच आले, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. हंगेरी-रुमानियाच्या खेड्यांत लग्नाला ज्यांचे व्हायोलिन लागते आणि पंगतीला जे नको असतात, ते हेच. फिडलवरून इंग्रजी म्हणी रचणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण युरोपातील पुष्कळ फिडलांच्या मागे मणिकर्णिकेवरच्या अग्निरक्षकाचा दूरचा भाऊबंद उभा आहे.

आणि मराठीत? मणिकर्णिकेवर उभे राहिले म्हणजे 'आगीचा डोंब' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. त्याच्या व्युत्पत्तीचा वाद येथे मांडीत नाही. 'डोंबारी' हा शब्द मात्र सरळ त्याच कुळातला. गावोगाव दोरावरचे खेळ करणारा आपला डोंबारी बाजाराच्या दिवशी चार बांबू रोवी, दोर ताणी, पोर वर चढे आणि खाली बाप किंवा आई ढोल बडवी. तो ढोल माणसे गोळा करण्यासाठी होताच; त्याखेरीज वर चालणाऱ्या पोराला पावलाची लय त्यावरून मिळे आणि लय चुकली तर पोर खाली येई. याच खेळावरून आपण 'तारेवरची कसरत' हा शब्दप्रयोग उचलला. अंदाजपत्रक, बदली, दोन वरिष्ठांमधला बेबनाव, कशाहीविषयी लिहावयाचे असो, मराठी अधिकाऱ्याच्या पत्रात तो हमखास येतो. दोराची तार झाली, खेळाची कसरत झाली, चालणारे पोर म्हणजे आपण स्वतः झालो; खालचा ढोल वाजविणारा मात्र त्या शब्दांत राहिला नाही.